उजव्या खांद्याची रायफल

…आणि गाठ पुन्हा गेली. आत्ता होती — फळीच्या टोकापासून वीतभर वर, वाटाण्याएवढी, काळसर — ओलं फडकं फिरवल्यावर अक्रोडाच्या रेषा उमटल्या तेव्हा कडेच्या नजरेला ती चक्क दिसली होती, आणि त्यानं सरळ तिच्याकडे पाहिलं तर तिच्या जागी नुसत्या रेषा, सलग, गुळगुळीत, गाठ तिथं कधी नव्हतीच अशा. लेलंडनं मान तिरकी केली. आली. सरळ केली. गेली. डावा डोळा त्यानं मिटलेलाच ठेवला होता. मग बोट लावलं. बोटाला ती होतीच. तीस वर्षं लाकडाच्या गिरणीत फळ्या पारखण्यात गेली, गिरणी बंद पडेपर्यंत त्याची पारख कुणी खोटी ठरवली नव्हती, आणि आता स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या टेबलावर एक वाटाण्याएवढी गाठ त्याच्याशी लपाछपी खेळत होती.

मिसूला शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं कागदावर एक गोल काढून त्याच्या मधोमध काळा ठिपका गिरवला होता. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, म्हणाला, तो परत येत नाही. डावा अजून बरा आहे… अजून. पण काळा ठिपका वगैरे काही दिसत नाही हो डॉक्टर! काळं दिसलं असतं तर माणूस सावध तरी झाला असता. मेंदू त्या भोकावर शेजारचंच कापड ओढून ठिगळ लावतो — गवत असेल तर गवताचं, भिंत असेल तर भिंतीचं — आणि ठिगळ असं बेमालूम की शिंप्यानं तोंडात बोट घालावं. अर्डिसला त्यानं सांगितलं होतं, दाताच्या डॉक्टरकडे जातो. साठीला आलेल्या माणसानं बायकोला दाताचं खोटं सांगावं! लाज वाटली होती, अजून वाटते.

टेबलावर विजेच्या बिलाचं पाकीट उपडं पडलेलं, त्याच्या पाठीवर रायफल. म्हणजे रायफलीची यादी. बापानं जर्मनीतून युद्धानंतर आणलेल्या लष्करी रायफलीचा बोल्ट आणि त्याचं पोलादी घर — ते आहेच, फुकट. नळी — जुनी रायफल दुर्बिणीसकट विकून आलेल्या पैशांत दुसऱ्या हाताची, पण आतून आरशासारखी. पोलादाला निळा-काळा रंग चढवणं — मागच्या शेडमध्ये, स्वतः, पत्र्याची पन्हळ चुलीवर ठेवून. खांद्याला टेकतो त्या लाकडी दस्त्याच्या टोकाला शिंगाचा तुकडा — खोडला. नळीवर कोरलेली पट्टी — खोडली. दुर्बीण — नको, जुन्या पद्धतीची नेम धरायची उघडी माशी, पितळेच्या टिकलीची. लोकांना सांगायचं की तीच शोभा. आणि दस्ता मात्र बंदुका घडवणाऱ्या एमिल रुपर्टच्याच हातचा, त्याबद्दल एमिलला दोन ढीग लार्च झाडाचं फोडलेलं जळण आणि छपराचे पत्रे बदलून द्यायचे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. आणि डोळ्याचं?… आणत होता की गेले तीन महिने.

दस्त्याचा आकार पुठ्ठ्यात कापून त्यानं फळीवर आखला होता तो पूर्ण डावा डोळा मिटून. पैज होती, स्वतःशीच. उजव्यानं आखता आलं तर उजव्यानं मारताही येईल. गाठ बोटानं शोधून आकाराच्या बाहेर, फेकायच्या भागात टाकली, तेव्हा त्याला इतका आनंद झाला होता की अर्डिसला हाक मारावीशी वाटली.

“ती फळी उचल आधी,” अर्डिस म्हणाली. तिच्या हातात बटाट्यांचं पातेलं होतं. “इथं जेवायचंय माणसांना. आणि डोळा का मिटून बसलायस सकाळपासून?”

“लाकूड पाहताना मिटतात.”

“मग माझ्याकडे पाहताना तरी उघड. मी काय लाकूड आहे?” तिनं पातेलं आपटलं. “फ्रीझरमध्ये यंदा जे मांस आहे ते वर्लिनचं. ही फळीही वर्लिनची. आईच्या अंगणातला अक्रोड पडला तेव्हा वीस वर्षांपूर्वी त्यानं ती आयोवाहून आणली, जपली, आणि नाताळात उचलून तुला दिली. रायफल झाली की पहिल्या एल्क हरणाची तंगडी माझ्या भावाला. सांगून ठेवते.”

“देऊ.”

“देऊ काय? दे!”

बाहेर वर्लिनचा हॉर्न वाजला. बहिणीचं नाव निघायचा अवकाश.

पिकअपमध्ये तंबाखूचा आणि ओल्या कुत्र्याचा वास होता. फळी मांडीवर आडवी धरून लेलंड बसला, आणि वर्लिन बोलत राहिला, गाडी सुरू असेपर्यंत वर्लिनचं तोंड सुरू असतं. “लेका, लोक मला विचारतात, ज्यानं तुला जवळजवळ वर पाठवला त्याला तू लाकूड कसलं देतोस? मी म्हणतो, ती बिघडलेली रायफल त्याच्याकडे राहिली तर पुढच्या खेपेला पाठवीलच, त्यापेक्षा लाकूड स्वस्त!” आणि खो खो हसला. “खरं सांगू? मला तर वाटतं, नाचता येईना अंगण वाकडं. पण तू म्हणतोस रायफलच वाकडी, तर वाकडी.”

“वाकडीच होती,” लेलंड म्हणाला.

नोव्हेंबरातला तिसरा रविवार. चढावरच्या फरच्या झाडांच्या रांगेत, दोनशे पावलांवर, पिवळ्या गवतामागे काहीतरी हललं होतं… रायफल खांद्याला, डावा डोळा मिटला, दुर्बिणीत गवत, फरची खोडं, आणि खोडांच्या मध्ये भुऱ्या अंगाचा एक तुकडा, मी पाहिला, अगदी नीट पाहिला — मादीचा परवाना होता, शिंगं मोजायची नव्हती — आणि चाप ओढला. मग शांतता. मग वर्लिनचा आवाज, तिथूनच, त्या खोडांच्या मधून: “अरे कोण मेल्या! इथं माणूस आहे!” तो झाडामागून बाहेर आला तेव्हा आधी त्याचे बूट दिसले होते, मग टोपी, आणि त्या दोहोंच्या मध्ये काहीच नाही, गवतच, आणि डावा डोळा उघडल्यावर एकदम ते ढळढळीत नारिंगी जाकीट, शिकारीत कायद्यानं सगळेच घालतात ते. गोळी त्याच्या खांद्यापासून हातभरावर फरमध्ये शिरली होती. वर्लिननं त्या भोकात करंगळी घालून पाहिली आणि म्हणाला, “काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.” आणि मी म्हणालो, आपल्या मधून एल्क गेली. मादी. मोठी. रायफलीनं नेम फेकला. कसं सुचलं कोण जाणे. बर्फावर खुराचा एकही ठसा नव्हता, पण वर्लिननं खाली पाहिलंच नाही, त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, इतका पांढरा नको पडू लेका, मी जिवंत आहे.

आणि चाप ओढायच्या आधी, डावा डोळा मिटायच्या आधी, कडेला… काहीतरी नारिंगी. लार्च. लार्चच असणार. त्या चढावर खंडीभर लार्च आहेत, पानगळीत नारिंगी होणारे, हे त्यानं त्या दिवसापासून स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता विचार न करताच ते उत्तर यायचं.

एमिल रुपर्टच्या दुकानात जवसाच्या तेलाचा आणि भुशाचा वास होता. एमिल ऐंशीचा, पाठीत वाकलेला, चष्मा कपाळावर. त्यानं फळी खिडकीपाशी नेली, थुंकी लावून अंगठ्यानं घासली, पेन्सिलीच्या आखणीवरून बोट फिरवत आला आणि मनगटाच्या जागी — दस्ता जिथं सर्वांत बारीक असतो, मूठ बसते, धक्का बसून मोडला तर तिथंच मोडतो — थांबला.

“हे कुणी आखलं?”

“मीच की.”

“गिरणीत किती वर्षं होतास?”

“तीस.”

“आणि गाठ आणून बरोबर मनगटात ठेवलीस?”

लेलंडनं वाकून पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी. होती. वाटाण्याएवढी नव्हे, मोहरीएवढी, शेजारी केसासारखी चीर. दुसरी गाठ. त्याला एकच माहीत होती. त्याचे कान तापले, शाळेत फळ्यापाशी उभं केल्यावर तापायचे तसे.

“बघ, अंगण!” स्टोव्हपाशी कॉफी ओतता ओतता वर्लिन ओरडला.

“आकार दोन बोटं वर सरकवला की निघून जाईल,” एमिल म्हणाला. “अजून करवत लागलेली नाही. चल, माप दे.”

मापाची एमिलची एकच रीत होती. नळीच्या जागी काठी असलेली लाकडी खोटी रायफल, दस्ता बिजागरीवर वाकणारा. ती खांद्याला लावायची आणि समोर उभ्या राहिलेल्या एमिलच्या उजव्या डोळ्यावर नेम धरायचा. माणसावर रोखायचं नाही, हे इथलं पोर चालायला लागायच्या आधी शिकतं, आणि या एका दुकानात, या एका काठीनं, ते करावं लागतं. कारण एमिल समोरून, काठीच्या टोकावरून, उलटा तुमच्या डोळ्यात बघतो आणि बुबुळ कुठं बसलंय त्यावरून दस्ता किती वाकवायचा ते ठरवतो. लेलंडला हे माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं. तरी काठी खांद्याला लागली तेव्हा हाताला घाम सुटला.

“हं. मिट डावा. माझ्या डोळ्यावर धर.”

त्यानं धरला. एमिलचे खांदे होते, चामड्याचा एप्रन होता, वर कपाळावरच्या चष्म्याची काच चमकत होती, आणि मध्ये मागची फळ्यांची भिंत, तिच्यावरची पटाशी, सगळं कसं जागच्या जागी, नीटनेटकं, आणि माणसाला तोंड नव्हतं.

“धरलास?”

“धरला.”

“माझ्या डोळ्यावर?”

“हो, म्हटलं ना!”

 एमिल पुन्हा बोलला तेव्हा लेलंडच्या लक्षात आलं, आवाज भलत्याच बाजूनं येतोय, डावीकडून. “वर्लिन, बाहेर जाऊन तुझ्या कुत्र्याला गप्प कर बघू.”

“कुत्रा कुठं भुंकतोय?”

“मग भुंकायला लाव. जा!”

दार आपटलं. लेलंडनं काठी खाली घेतली. एमिल खिडकीपाशी होता, पाऊलभर नव्हे, चांगला दोन हात लांब, आणि मघाच्या जागी खुंटीवर त्याचा जुना कोट लटकत होता, नेहमीसारखा. कपाळावर चष्मा होता… होता ना? काच चमकत होती ती खुंटीची पितळी घुंडी.

“मी मघाच सरकलो,” एमिल म्हणाला. “एप्रन कोटावर टाकून सरकलो. तू भिंतीवर नेम धरून हो म्हणालास.”

“उजेड तोंडावर होता.”

“लेलंड. तुझी जुनी रायफल ज्यानं घेतली तो ती माझ्याकडे घेऊन आला होता. नेम फेकते म्हणून स्वस्तात मिळाली, तेवढं दुरुस्त करा, म्हणाला. मी शंभर पावलांवरून तीन गोळ्या झाडल्या.” त्यानं खिशातून एक नाणं काढलं, टेबलावर ठेवलं, त्यावर बोट ठेवलं. “तिन्हींची भोकं याच्याखाली झाकली गेली. तेव्हा मी काही बोललो नाही. माझी चूक झाली.”

स्टोव्हमध्ये लाकूड तडकलं. लेलंडला वाटलं आता हा विचारणार — एल्क होती का? — आणि विचारलं तर मी सांगून टाकीन, विचार म्हाताऱ्या, विचार… पण एमिलनं फक्त फळी उचलून पुन्हा खिडकीला टेकवली.

“डावखुरा दस्ता करता येतो. गाल टेकायचा उठाव या बाजूचा त्या बाजूला. जळण तेवढंच. पण एकदा कापलं की कापलं, अशी फळी दुसरी नाही. उद्या सकाळी करवत लावतो. तोवर सांग, उजवा, डावा, की…” त्यानं फळीवरून अंगठा फिरवला. “डावा कसा आहे?”

“अजून बरा आहे,” लेलंड म्हणाला, आणि ते वाक्य आपलं नाही, डॉक्टरचं, हे म्हणताना त्याच्या लक्षात आलं.

परतताना मांडी रिकामी होती. हात कुठं ठेवावेत कळेना. “ठरलं का मग?” वर्लिननं विचारलं. “ऑक्टोबरात तयार असेल ना? या खेपेला तू त्याच चढाखाली बस, मी वरून फरमधून हाकत आणतो. त्याच जागी. अपशकुन मोडून काढू लेका! अर्डीला तंगडी, मला तंगडी, चार तंगड्यांची वाटणी मी केलीय.” तो हसत होता. लेलंडनं खिडकीकडे तोंड करून घेतलं.

रस्त्याच्या कडेला उतरंडीवर लार्च उभे होते. फेब्रुवारीचे लार्च, काटक्या नुसत्या. एमिलला द्यायचं जळण यांचंच, मागच्या हिवाळ्यात पाडून ठेवलेलं, त्यांची साल, वजन, तडकण्याचा आवाज, सगळं त्याला पाठ. ऑक्टोबरात हे झाड पेटल्यासारखं नारिंगी होतं, आणि नोव्हेंबर लागला, एक वारा आला, की दोन दिवसांत भुंडं. दोन दिवसांत. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आणि तो तर नोव्हेंबरातला तिसरा रविवार… बर्फ होता. खुरांचे ठसे नसलेला बर्फ. त्या चढावरचा एकूण एक लार्च पंधरा दिवसांपूर्वीच उघडा झाला होता.

म्हणजे डाव्या डोळ्याला ते जाकीट दिसलं होतं. चांगल्या डोळ्याला. मी ते पाहिलं, आणि मग तो डोळा मिटला.

 आतापर्यंत त्याला आंधळं होण्याची भीती वाटत होती. ती भीती बरी होती, तिच्यात दोष कुणाचा नव्हता. त्यानं डावा डोळा मिटला आणि मान वळवून सरळ वर्लिनकडे पाहिलं. स्टिअरिंगवर दोन हात होते, लोकरीच्या कॉलरवर काहीच नव्हतं, पलीकडची बर्फाची शेतं होती, आणि त्या शेतांतून वर्लिनचा आवाज येत होता, तंगड्यांची वाटणी चालली होती. हे नीट बघ, त्यानं स्वतःला बजावलं. पळू नको. बघ. मांडीवर उजव्या हाताचं पहिलं बोट, चाप ओढायचं, वाकलेलं होतं.

“वर्लिन,” तो म्हणाला, “गाडी जरा कडेला घे.”

“का रे? आत्ताच तर निघालो! लागली होय? म्हातारा झालास बघ.”

गाडी मंदावली, चाकांखाली खडी करकरली. काय बोलायचं ते त्याला अजून ठाऊक नव्हतं, शब्द जुळत नव्हते, आणि ते बोलून झाल्यावर अर्डिसच्या टेबलावर आपल्याला बसायला जागा राहील की नाही हेही ठाऊक नव्हतं. पण हे मिटल्या डोळ्यानं बोलायचं नाही, एवढं ठरलं होतं. त्यानं डावा डोळा उघडला. आणि वर्लिनचं तोंड परत आलं, सगळंच्या सगळं, नाकाजवळची चामखीळ, तंबाखूनं पिवळे झालेले दात, हसून हसून ओले झालेले डोळे, त्याच्याकडेच पाहत असलेले.