फुकटचा वजीर

नेरच्या शाळेतून सदाशिवराव गुरुजी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सहा महिन्यांनी काठी धरून ते ओसरीपर्यंत येऊ लागले, बोलणंही सुधारलं. पण एक गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. बुद्धिबळात तालुक्यात त्यांना हरवणारा माणूस नव्हता. आता मात्र पटापुढे बसणारा जो तो आपणहून हरू लागला. कोणी घोडा उघड्यावर सोडी, कोणाला समोरचा शह दिसतच नसे. गुरुजींना ते कळे. एक दिवस त्यांनी मोहरे पिशवीत भरले आणि बायकोला, मैनाबाईंना, सांगितलं, "उद्यापासून कोनी आलं तर सांग, मास्तर खेळत नाई म्हून."

पुढे तीन वर्षं पट उघडला नाही. तो उघडायला लावला नेमसिंगनं.

नेमसिंग जवळच्या बंजारा तांड्यावरच्या लखीरामचा मुलगा. लखीरामच्या बापानं बैलांवर मीठ वाहिलं, लखीराम कापूस पेरू लागला. अक्षर मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. नेमसिंगला अंकगणित शिकवलं गुरुजींनी आणि बुद्धिबळही त्यांनीच. पोरगा अमरावतीच्या कॉलेजात गेला, तिथून उत्तरेकडच्या एका मोठ्या संस्थेत. त्याची पत्रं तांड्यावर आली की लखीराम ती घेऊन नेरला येई आणि गुरुजी वाचून दाखवत.

एकोणीसशे पासष्टच्या दिवाळीआधी नेमसिंगचं पत्र आलं, ते थेट गुरुजींच्या नावानं. 'इथं खोलीएवढं गणकयंत्र आलं आहे. मी त्याला बुद्धिबळ शिकवलं. शिकवायचं म्हणजे कार्डांना छिद्रं पाडून एकेक नियम सांगायचा. एका चालीला ते दोन तास घेतं. त्याच्याशी तुम्ही खेळावं अशी माझी फार इच्छा आहे.'

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं. "यंत्राले कोनाची कीव येत नाई," ते मैनाबाईंना म्हणाले. "काढ तो पट."

पोस्टकार्डांवर डाव सुरू झाला. नेमसिंगनं कळवल्याप्रमाणे नियम बाहेरच्या जगातले धरले होते आणि घरांना एक ते चौसष्ट आकडे दिले होते. कार्ड जायला चार-पाच दिवस, यायला तितकेच. डाव्या हातानं आकडे लिहायची गुरुजींनी सवय केली. यंत्र बरं खेळत होतं. अकराव्या चालीला त्यानं गुरुजींचा उंट असा कोंडला, की ते दोन दिवस जेवताना गप्प होते आणि तिसऱ्या दिवशी हसले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांना खरोखर हरवू पाहत होतं.

उन्हाळा सरता सरता सतरावं कार्ड आलं. गुरुजींनी यंत्राचा वजीर उचलून सांगितलेल्या घरात ठेवला आणि थबकले. तो त्यांच्या वजिरासमोर नेमका उभा होता, आणि मागे त्याला कोणाचाच आधार नव्हता. आकडा चुकला असेल म्हणून त्यांनी कार्ड उजेडात धरलं. आकडा स्वच्छ होता. त्यांनी वजीर मारला आणि कळवलं. उत्तरात यंत्रानं कोपऱ्यातलं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं होतं. वजीर गेला तो फुकटच गेला.

बराच वेळ गुरुजी पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी कार्ड लिहिलं. 'यंत्राचं नाव सांगून तूच खेळत होतास. म्हाताऱ्याला शेवटी जिंकवलंस. नेरमधले लोक निदान समोर बसून तरी हरत होते. यापुढे कार्ड पाठवू नये.'

"नेमसिंग असं करन काय?" मैनाबाई म्हणाल्या.

"यंत्र चुकत नाई. दया येते ते मानसालेच."

नेमसिंगचं जाड पाकीट आलं. गुरुजींनी ते पोस्टमनच्या हाती तसंच परत दिलं. दुसरं आलं, तेही.

मग एका बाजाराच्या दिवशी लखीराम आला. डोक्यावरचं पागोटं सोडून त्यातून त्यानं पत्र काढलं. "मास्तर, पोट्टं काय म्हनते पाहा बरं."

गुरुजी वाचू लागले. तब्येत, खानावळ, बहिणीच्या लग्नाची चौकशी. पुढे लिहिलं होतं: 'बापू, गुरुजी माझ्यावर रागावले आहेत. त्यांना सांगा, वजीर मी दिला नाही. चूक यंत्रात आहे, ती शोधतो आहे. त्यांनी एक ओळ लिहावी.'

हे गुरुजींनी मोठ्यानं वाचलंच नाही. त्यांनी कागदाची घडी घातली.

"आनखी काय लिवलं?"

"बस, इतकंच."

लखीरामनं मान डोलावली, पत्र पागोट्यात खोचलं आणि तो बाजाराला गेला.

ऑगस्टात तो पुन्हा आला. या वेळचं पत्र लांब होतं, अक्षर थोडं वाकडं होतं. डोळे पिवळे दिसतात, डॉक्टर कावीळ म्हणतात, काळजीचं कारण नाही. एवढं गुरुजींनी मोठ्यानं वाचलं. उरलेलं मनातल्या मनात.

'गुरुजींना सांगा, चूक सापडली. अगदी पहिल्यांदा मी यंत्राला गुरुजींच्या ओसरीवरचे नियम शिकवले होते. आपल्याकडे राजाला शह बसला नसेल, तर तो एकदा घोड्यासारखी उडी मारतो. इथल्यांनी सांगितलं, जगात हा नियम चालत नाही. म्हणून मी तो काढून टाकला. पण कोणत्या मोहऱ्याला कोणाचा आधार आहे हे यंत्र जिथं मोजतं, तिथली छिद्रांची तीन कार्डं काढायची राहून गेली. आपला वजीर मेला तरी आपला राजा उडी मारून गुरुजींचा वजीर मारील, असं धरून ते चाललं. उडी मारायची वेळ आली, तेव्हा तशी चालच त्याच्याजवळ नव्हती. बापू, गुरुजी काही बोलले का? मला कळवा.'

गुरुजींनी चष्मा काढला. पोरानं खरं सांगितलं होतं. आणि यंत्र हरलं ते त्यांच्याच ओसरीवरच्या नियमापायी.

"मास्तर, कावीळ जास्त हाय का?" लखीरामनं विचारलं.

"नाई. तरन्या मानसाले काई होत नाई. मी लिहितो त्याले."

तेव्हाच सगळं सांगून टाकता आलं असतं. पण मग मागच्या पत्रातलं गाळलेलंही सांगावं लागलं असतं, आणि ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावं लागलं, त्याच्यापुढे ते कबूल करण्याची गुरुजींना लाज वाटली. उत्तर लिहायला ते रोज बसत. 'चि. नेमसिंग' याच्यापुढे जात नसत. रागाचं पत्र एका बैठकीत लिहून झालं होतं. हे काही केल्या होईना. दसऱ्याला तो येईलच, मग समोर बसवून बोलू, असंही त्यांनी मनाशी म्हटलं. असे तीन आठवडे गेले.

मग लखीराम भर दुपारी तार घेऊन आला. पोस्टात कोणी वाचून देत होतं, पण तो थांबला नव्हता. "तुमीच वाचा," तो म्हणाला.

गुरुजींनी तार वाचली आणि नेमसिंग गेल्याचं त्याच्या बापाला त्यांनाच सांगावं लागलं.

तेराव्यानंतर गुरुजी काठी टेकत तांड्याकडे निघाले. दोन कोसांची वाट, पाय ओढत ओढत. अर्ध्या वाटेवर दोनदा बसले. लखीरामच्या अंगणात बाजेवर टेकल्यावर त्यांनी पाणीही घेतलं नाही.

"लखीराम, ते दोन कागद आन."

त्यांनी दोन्ही पत्रं वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, काही न गाळता. नेमसिंगची आई मानीबाई दारात उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "हे मी तुले वाचलं नव्हतं."

लखीरामनं दोन्ही कागद घेऊन त्यांची घडी घातली. "ते वजिराचं मले समजत नाई, मास्तर," तो म्हणाला. "पन त्यानं मले इचारलं होतं, गुरुजी काई बोलले काय. मी तुमाले इचारलं असतं. तुमी बोलले असते, नसते. पन मी जबाब तं धाडला असता. बापानं जबाबच नाई देल्ला, असं समजून गेलं पोट्टं."

मानीबाई आत निघून गेली.

थोड्या वेळानं लखीराम उठला आणि बैल जुंपू लागला. "कायले?" गुरुजी म्हणाले. "मी जाईन हळूहळू."

"इतकं चालनं होनार नाई तुमच्यानं."

गाडी नेरला आली. घरापाशी लखीरामनं त्यांना काखेत हात घालून उतरवलं, काठी हातात दिली, तोल सावरेपर्यंत थांबला. "राम राम, मास्तर," म्हणाला आणि बैल वळवले.