मेंबराची धनुकली

मोहियोद्दीनमामू बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, मेंबर झाला आणि गल्लीनं त्याच्यावर पहिला उपकार केला तो हा, की त्याच्या खांद्यावरची धनुकली काढून खुंटीला टांगायला लावली.

वसमतची ही गोष्ट, एकेचाळीस सालची. मामू जातीचा पिंजारी. धनुकली घेऊन दारोदार फिरायचा, गाद्या उसवून कापूस पिंजून द्यायचा. अंगणात बसला की तोंडाला फडकं, नजर कापसावर, आणि धनुकलीच्या तातीचा आवाज असा की ओसरीवरच्या सासऱ्याला दुसरं काही ऐकू येऊ नये. आम्हा सुनांना तेवढंच पाहिजे असायचं. पदर पुढे ओढून, डाळ निवडायला म्हणून शेजारी बसायचं आणि सांगून टाकायचं. कुणाच्या दारात मोरी तुंबली, कोणत्या वळणावरचा कंदील महिनाभर पेटला नाही. मामू मान वर करायचा नाही. आठ दिवसांत मोरी वाहती झालेली असायची. बलदियातल्या कारकुनाच्या गाद्याही तोच पिंजायचा ना!

म्हणूनच तहसीलदारसाहेबांनी गल्लीचा मेंबर कोणाला करू असं विचारलं, तेव्हा सगळ्या गल्लीनं त्याचं नाव सांगितलं. सांगितलं आणि लगेच लाज वाटली.

"मेंबर होऊन घरोघर कापूस उडवीत फिरणार का?" कापडवाले गोपीचंदशेठ म्हणाले. "गल्लीची काही इज्जत?"

शेठनं शेरवानीला कापड दिलं, चौकातल्या आपल्या दुकानापुढे खुर्ची टाकली, रुई विकायला दुकानाचा एक कोपराही दिला. मामू रोज त्या खुर्चीत बसू लागला. नवऱ्यामुलासारखा, हात कुठं ठेवावेत ते न कळून. आता चौकात जाऊन बाया थोड्याच बोलणार? बोलायचे ते पुरुष. त्यांच्या सांगण्यावरून गल्लीला दोनच तकलिफा होत्या: चौकात सावली कमी आणि कुत्री फार.

अशात बलदियानं आमच्या गल्लीला विहीर मंजूर केली. खुर्चीभोवती बसून पुरुषांनी जागाही ठरवली. शेठच्या दुकानासमोर, ऐन चौकात. शनिवारी मामूनं कागदावर दस्तखत करायची, की झालं.

दिवसभर पुरुष बसलेले असतात तिथं कोणती सून घागर घेऊन जाईल? म्हणजे विहीर होऊनही आम्हाला अर्ध्या कोसावरचा ओढा सुटणार नव्हता. त्या ओढ्याच्या घसरणीवर मागच्या साली मी भरल्या घागरीसकट पडले होते. पोटातलं लेकरू गेलं. आता पुन्हा पाचवा महिना होता.

आमच्या ह्यांना सांगून पाहिलं. "ठरलं ते ठरलं," म्हणाले. "बायांनी त्यात काय बोलायचं?"

मागच्या दारानं मी मामूच्या घरी गेले. त्याची बायको खतीजाबी भाकरी थापत होती.

"भाबी, तुमी तरी सांगा त्यांना."

"माझं ऐकतो व्हय? मी घरची. मी बोलले की म्हणतो, मीठ संपलं काय?" भाकरी उलटून ती म्हणाली, "गादी हाय का घरात?"

"हाय. माहेरची. नवीच हाय."

"फाड तिला."

मी गादी विळीवर धरली. सगळा कापूस अंगणात ओतला आणि सासऱ्यांना सांगितलं, गाठी झाल्यात, पाठ धरती. ते पिंजायला दुसरा कोणी शोधू लागले तर मी म्हणाले, माझ्या माहेरच्या गादीला मामूशिवाय कोणाचा हात लागणार न्हाई. पोटुशीचा हट्ट म्हणून त्यांनी मामूला निरोप धाडला.

शुक्रवारी दुपारी मामू आला. शेरवानीतच. मागून खतीजाबीनं धनुकली धाडली होती. कापूस हातात घेऊन त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, याच्यात गाठ कुठं हाय?"

"तुमी पिंजा तर, मामू. सापडंल."

त्यानं शेरवानी काढून खुंटीला लावली, फडकं बांधलं, बैठक मारली. तातीचा आवाज गल्लीत घुमला मात्र, एकेक दार उघडलं. जैनबबी गोधडी घेऊन आली, रुक्माबाई उशी, निर्मलाबाई तर नुसतंच सूप. चौघी-पाचजणी एकदम बोलू लागल्या: चौक, पुरुष, ओढा. मी माझं पडणं सांगितलं.

मामूचा हात थांबला. आवाज थांबला तशा आम्हीही थांबलो, डोळे सुपात. ओसरीवर सासरे खोकले.

मामू धनुकली उचलून पहिल्यापेक्षा जोरात चालवू लागला.

"बोला," फडक्याआडून तो म्हणाला. "बोला आता. मीच बहिरा झालो होतो."

शनिवारी तो बलदियात गेला तो दाढीत कापूस घेऊनच. जागा बदला म्हणाला. दुकानासमोर नको, गल्लीच्या मागं, जिथं सगळी परसदारं उघडतात तिथं. ती रिकामी जागा त्याच्याच बापाची, कापूस वाळवायची. शेठ तावातावानं आले.

"मेंबरसाहेब, चार लोकांत आमचा शब्द गेला!"

"शेठ, तुमच्या दुकानासमोर तुमची सून येईल का घागर घेऊन?"

शेठनं टोपी काढली, पुन्हा घातली. "काहून येईल?" म्हणाले, आणि मग त्यांनाच ऐकू आलं आपण काय बोललो ते.

पाणी लागायला तीन महिने गेले. तोवर मामू आमच्या ह्यांना चौकात सगळ्यांदेखत विचारायचा, "पाणी भरलं का आज?" शेवटी हे स्वतः ओढ्यावर जाऊ लागले, पहाटेच, डोक्यावरून धोतर घेऊन. विहिरीवर जातीजातीचा दोर वेगळाच राहिला, ते काही मामूच्यानं बदललं नाही. पण विहिरीकडं जाणाऱ्या वळणाच्या पायऱ्या त्यानं उभं राहून बांधून घेतल्या, उतरत्या, घसरण नसलेल्या.

खुर्ची शेठच्या दुकानापुढं बरेच दिवस रिकामी होती. पुढं तिच्यावर कुत्री झोपू लागली.

माझी लेक देवला त्याच विहिरीचं पाणी पिऊन वाढली. ती गादी अजून आहे. एका बाजूनं उंच, एका बाजूनं सपाट. त्या दुपारी ऐकता ऐकता मामूचा कापूस कमी-जास्त भरला गेला. नीट करून देतो म्हणून दर साली येतो, अंगणात बसतो, तात छेडतो. मी गादी काही काढून देत नाही. दुसरंच सांगत बसते.