धरण बघायला नेलं तो दिवस

"दादा, सीट जरा मागे घे. पाय मोकळे कर," धाकटा तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा थोरल्याला हसू आलं. उभ्या आयुष्यात या भावाला आपल्या पायांची आठवण झाली नव्हती.

गाडी धरणाच्या भिंतीवरून चालली होती. डावीकडे पाणीच पाणी. पलीकडचा काठ म्हणजे नुसती निळसर रेघ. द्राक्षांचे मळे उतारावरून थेट पाण्यापर्यंत गेलेले. थोरल्याचा मळा इथून खूप खाली, कालव्याच्या टोकाला. याच पाण्यावर त्याचा जन्म गेला होता. पण ते येतं कुठून, हे बघायला त्याला सवड झाली नव्हती. छाटणी झाली की फुटवे काढायचे, फुटवे काढले की घड विरळायचे. वेल काही रविवार पाळत नाही.

वडील गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्यानं शाळा सोडून कात्री हातात घेतली. धाकटा शिकला, वाइनच्या कारखान्यात साहेब झाला. मळ्याच्या खालच्या अंगाला वडिलांनी लावलेल्या चौदा ओळी होत्या. खोडं मांडीएवढी जाड, घड मोजके. "त्या काढून टाकू, पाहुण्यांसाठी खोल्या बांधू," असं धाकटा दोन वर्षं म्हणत होता. महिनाभर मात्र तो विषय त्यानं काढला नव्हता. समजला बिचारा, असं थोरल्याला वाटलं.

परवा तर तो आपणहून आला. "वहिनी, दादाला धरण बघायचंय ना? रविवारी जाऊ." आणि घर सोडायचं म्हटलं की शंभर कारणं सांगणारी बायको चटकन म्हणाली, "जाऊ की!"

काठावर सतरंजी पसरून तिघं जेवली. मग धाकटा नावेच्या तिकिटांच्या रांगेत गेला, बायको डबे विसळायला गेली. सतरंजीवर राहिलेला धाकट्याचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा थोरल्यानं उचलला.

"साहेब, नऊ ओळी निघाल्या!" मशीनच्या घरघरीवरून कुणीतरी ओरडत होतं. "खोडं कुठं टाकू? आणि तुमच्या दादांना पाचपर्यंत तिकडंच गुंतवून ठेवा. आधी आले तर मशीनपुढं आडवे पडतील."

उरलेल्या पाच ओळी तरी राहू द्या, हे थोरल्याच्या ओठांवर आलं होतं. पण ज्यानं नऊ काढल्या तो पाच थोड्याच ठेवणार होता?

"साहेब, ऐकू येतंय ना?"

"शेडमागे टाका," तो म्हणाला आणि त्यानं फोन उपडा ठेवला.

बायको हात पुसत आली. "चला हो, एवढे आलोय तर नावेत बसू." तो उठला. नावेत बसला. धाकटा पाण्याची खोली सांगत होता, बोट दाखवत होता, हसत होता. नाव मध्यावर आली तेव्हा थोरला म्हणाला, "नऊ ओळी निघाल्या. खोडं शेडमागे टाकायला सांगितलीत मी."

धाकट्याचं बोट हवेतच राहिलं. "दादा... मी सांगणारच होतो. तू ऐकून घेत नव्हतास म्हणून..."

थोरला त्याच्याकडे बघतच नव्हता. धाकट्याचं त्याला तेवढं नवल वाटलं नाही; तो लहानपणापासून आपलंच खरं करणारा. तो बायकोकडे बघत होता. कुठल्या ओळी, कसली खोडं, असं तिनं विचारलंच नव्हतं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"तुला ठाऊक होतं."

"तुमच्या डोळ्यांदेखत नको, म्हणून हो," तिला रडू फुटलं. "तुमच्यानं बघवलं नसतं. मीच म्हटलं भाऊजींना, त्यांना लांब घेऊन जा."

"बाबा गेले तेव्हाही मला असंच लांब पाठवलं होतं," तो सावकाश म्हणाला. "बघवणार नाही म्हणून. सगळं आटोपल्यावर बोलावलं. जगात मी ते फक्त तुला सांगितलं होतं."

तिनं तोंड झाकून घेतलं. नावाड्यानं कुणी न सांगता नाव वळवली.

परतल्यावर धाकट्यानं दोघांना मळ्याच्या तोंडाशी उतरवलं, स्वतः उतरला नाही. मशीन निघून गेलं होतं. चौदा ओळींच्या जागी ओली, उकरलेली माती होती, आणि वरच्या अंगाचा मळा आता उघडा पडल्यासारखा दिसत होता.

कालव्यावरून शेजाऱ्यानं हाक मारली, "ओ दादा, पाणी आलंय! तुमची पाळी. सोडू का?"

"वरच्या अंगाला सोड," तो म्हणाला. "खालच्या पाटाचं दार मी लावतो."

खालचं लोखंडी दार कित्येक वर्षांत कुणी लावलंच नव्हतं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ते खरडत खाली आलं, तरी एका बाजूला फट राहिली. तिच्यातून पाणी खालच्या रिकाम्या जमिनीकडे निघालं.

"मी लावते चिखल," बायको बांधावरून म्हणाली.

"राहू दे."

तो गुडघ्यांवर बसला आणि मूठ मूठ चिखल थापून ती फट बुजवू लागला.