शिवम्माच्या गळ्यातली डबी

चांदीची आहे मी, लिंबाएवढी, आता पोचे पडलेली. मित्रांनो, लिंगायत माणसे रोजच्या पूजेचे इष्टलिंग माझ्यात ठेवतात, दोरा ओवून मला गळ्यात घालतात आणि मरेपर्यंत अंगावेगळे करत नाहीत. बिदरच्या सोनाराने मला एकसष्ट साली घडवले, शिवम्माच्या लग्नासाठी. ती कमठाण्याला सासरी आली, तेव्हापासून तिच्या काळजाचे ठोके मी ऐकत आले. सणाला ती मला चिंचेने घासून लख्ख करायची. बाया वळून वळून बघायच्या. फार मिरवले मी.

पुढे तिच्या गळ्याला गाठ आली. घास उतरेना, छाती धडधडायची. नवरा रेवणप्पा तिला दूर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. गळ्याचा फोटो काढायला मला उतरवा म्हणाले. शिवम्मा काही केल्या ऐकेना. शेवटी रेवणप्पानेच मला काढून खिशात टाकले. अर्धाच तास! मग तिला किरणोत्सारी आयोडीन पाजले. निघताना डॉक्टरांनी रेवणप्पाला बजावले, की गाठ जिरेल; पण क्वचित या औषधानंतर अंगच गळ्यातल्या ग्रंथीवर उलटते आणि आजार नव्याने उसळतो. तीन महिन्यांनी रक्त तपासायला आणाच.

गाठ जिरली. मग कोण जातंय एवढ्या लांब?

पाचव्या महिन्यात ठोके पुन्हा उधळले. शिवम्मा वाळत चालली, बोटे थरथरू लागली, डोळे बाहेर आले. डॉक्टरांनी सांगितले होते तेच हे. पण सासूला, सावित्रम्माला, डॉक्टर कशाला हवा?

"अंगावरचं लिंग काढलंस, तेच भोगायलीस," ती म्हणाली.

शिवम्मा नवऱ्याला म्हणाली, "मला दवाखान्याला न्या की वो."

"न्हाई. तिथं परत काढाया लावतील," रेवणप्पा म्हणाला.

ज्याने स्वतःच्या हाताने मला काढले, तो हे बोलला. मला त्यानेच काढले होते, हे मात्र त्याने आईला कधी सांगितले नाही. वर्षभर उपास झाले, अभिषेक झाले. दवाखाना तेवढा झाला नाही. त्या दिवसांत मला रोज कुंकू लागायचे. त्या मानाची मला अजून लाज वाटते.

एका सकाळी ठोके थांबले. पुरताना लिंग तिच्या तळहातावर ठेवले आणि मी रिकामी घरी आले.

आता मी तिच्या लेकीचे, हेमावतीचे लिंग घेऊन तिच्या गळ्यात आहे. काल भाकरी थापताना तिचे हात कापत होते. हे ठोके मी ओळखते. रेवणप्पानेही तिचे हात बघितले, आणि दोरा घट्ट बांध म्हणाला.

मित्रांनो, मला घासू नका, कुंकू लावू नका. हेमावतीला दवाखान्यात न्या. मला उतरवा म्हणाले तर उतरवा. मी खिशात थांबेन.