परंदवडीची पानं

ऊन आधी नागफणीच्या सुळक्यावर टेकलं. मग दरीतल्या धुक्याच्या काठाकाठाने, कसलीही घाई नसल्यासारखं, लोणावळ्याच्या कौलांवर आणि पत्र्यांवर उतरत आलं. रोजचंच ऊन, कौतुक करावं असं त्यात काही नव्हतं. शेजारच्या बंगल्याच्या टाकीवर ते जरा रेंगाळलं, सिल्व्हर ओकच्या पानांची पांढुरकी पाठ त्याने उजळली आणि शेवटी गॅलरीतल्या टेबलावर, चहाच्या कपाच्या कडेवर येऊन बसलं. सोपान बाहीची बटणं लावता लावता त्याच्याकडे पाहत राहिला. अशा उन्हाला काहीच सिद्ध करायचं नसतं, असं त्याला वाटून गेलं.

खाली फाटक करकरलं. थोरला भाऊ मारुती जिना चढून आला. त्याच्या मागे त्याची मुलगी तेजल, काखेत लॅपटॉप धरून. ती सोपानच्याच प्रयोगशाळेत संशोधन करत होती.

"ये दादा. चहा घे."

"चा नको. बसाया न्हाई आलो मी." मारुतीने कापडी पिशवी टेबलावर आपटली. कप कलंडला, चहा टेबलभर पसरला. "हे घे. तुज्या आजारी रोपांचा तांदूळ. शिजवून खा, आन् मग सांग कुटं दुखतंय का."

सोपान मूळचा संगणकाचा माणूस. तरुणपणी मजकुरातून शब्द शोधणाऱ्या पद्धतींवर त्याने नाव मिळवलं होतं. पुढे जनुकं म्हणजेही चार अक्षरांत लिहिलेला मजकूरच, हे त्याला भावलं आणि त्याची वाट बदलली. भाताचं पान यंत्रातून वाचून घ्यायचं, त्याची जनुकं आणि त्यावर वस्तीला असलेले सूक्ष्मजीवही, आणि डाग पडण्याआधीच करपा रोग आहे की नाही ते सांगायचं, असा प्रोग्राम त्याने लिहिला. प्राध्यापकपद, परदेशातली व्याख्यानं, हा बंगला, सारं त्यातून आलं.

गेल्या पावसाळ्यात त्याने तो पहिल्यांदा प्रत्यक्ष शेतात, आपल्या गावच्या, परंदवडीच्या, रोपांवर चालवला. मारुतीची सगळी रोपं रोगी निघाली. सोपानने ती उपटून जाळायला लावली. विहिरीजवळचा एक कोपरा मात्र मारुतीने हट्टाने राखला होता. आणि आता थोड्याच वेळात सरकारी विश्रामगृहावर बैठक होती. पुढच्या हंगामापासून अख्ख्या मावळातली रोपं या प्रोग्रामच्या शब्दावर ठेवायची की जाळायची, ते तिथे ठरणार होतं.

"एका कोपऱ्यावरून काही सिद्ध होत नाही, दादा. वाचला असेल नशिबाने."

"नशीब? तुज्या यंतरात नशिबाचं बी खातं हाय व्हय?"

"तुला कळायचं नाही ते."

"न्हाई कळत. लोकं हसत्यात, तेवढं कळतं. सख्ख्या भावानं शेत पेटवलं म्हणत्यात."

माधवी, सोपानची बायको, फडकं घेऊन बाहेर आली आणि मुकाट्याने चहा पुसू लागली. तेजलने पुसलेल्या जागी लॅपटॉप ठेवला.

"सर, हे पान बेडसे गावचं आहे."

घरात ती त्याला नेहमी काका म्हणे. ते 'सर' ऐकून सोपानने मान वर केली. पडद्यावर पानाचा फोटो होता. दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखी पडलेले डाग. करपा कुणालाही ओळखू आला असता. त्याच्याखाली त्याच्याच प्रोग्रामचा निकाल होता: निरोगी.

"नमुना खराब झाला असेल."

"बरीच पानं तपासली. बेडशाचं कसंही पान घाला, निरोगी. आपल्या गावचं हिरवंगार घाला, रोगी."

"ज्याला आज डाग नाहीत त्याला उद्या पडतील. अंदाज म्हणतात तो यालाच."

"ते भात कापून झालं, सर. या पिशवीत आहे." तिचा आवाज चढला नाही. "शिकवताना तुम्ही प्रोग्रामला रोगाचं एक तरी पान बेडशाचं दिलं होतं का?"

"माझ्या हाताखाली शिकलीस आणि मलाच तपासतेस?"

"तुमच्या हाताखाली शिकले म्हणून इतके दिवस गप्प बसले."

माधवीने फडकं पिळलं. कुणाकडेही न पाहता, एखादी जुनी आठवण निघावी तशी ती म्हणाली, "बेडशाची पानं ना? नागपंचमीला मला माहेरी सोडायला यायचात, तेव्हा माझ्या भावाच्या शेतातून घ्यायचात. फार छान पीक असायचं त्याचं. आणि परंदवडीची पानं तुमच्या घरच्या शेतातली. तिथे त्या वर्षांत सारखा करपाच."

या प्रोग्रामवरचा शोधनिबंध छापण्याआधी एका परीक्षकाने तिसऱ्या एखाद्या गावचे नमुने मागितले होते, ते सोपानला आठवलं. त्याला पाठवलेलं उत्तरही आठवलं. त्यातला तुच्छतेचा सूर त्या वेळी त्याला फार ऐटदार वाटला होता.

"चल गं," मारुती म्हणाला. जिन्याच्या तोंडाशी तो थबकला. "तू गाव सोडलास त्याचं मला काय न्हाई वाटलं, सोपान. पर तितली माती बी तुला नासकीच दिसाया लागली."

तेजलने लॅपटॉप उचलला. निघताना तिने वाकून नमस्कार केला नाही.

फाटक पुन्हा करकरलं. थोड्या वेळाने गाडी आली आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"येतो म्हणून सांगू का त्याला?" माधवीने आतून विचारलं.

सोपानने पिशवीत हात घातला. नवा इंद्रायणी तांदूळ ओंजळीत येताच त्याचा वास गॅलरीभर झाला. त्याने दाणे उन्हात धरले. एकही डागी नव्हता. सवयीने त्याने पुन्हा एकदा पाहिलं. मग दाणे पिशवीत सोडून बाहीचं बटण काढलं, लावलं, परत काढलं.

खाली हॉर्न पुन्हा वाजला.

त्याच्या प्रोग्रामला रोग ओळखता येत नव्हता. त्याला फक्त परंदवडी ओळखता येत होती.