उंदीरवाल्यांचा गुंड्या

"हात लावू नका! दोघीही मागे व्हा!"

आमचे हे घरात कधी आवाज चढवत नाहीत. म्हणून मी होते तिथेच थिजले, एका हातात दुधाचं भांडं आणि कडेवर आमची लेक ठकी. मोरीच्या उंबऱ्याशी गुंड्या आडवा पडला होता. आदल्या संध्याकाळी तो जेवला नव्हता, दोनदा ओकला होता, आणि मी म्हटलं होतं, "हावरटपणा नडला मेल्याला." आता त्याच्या शेपटीखाली रक्त साचलं होतं आणि तो हलत नव्हता. केवढंसं ते कुत्र्याचं पिल्लू, अजून धावताना स्वतःच्याच पायात अडखळायचं.

ह्यांनी हातमोजे चढवले, गुडघे टेकले आणि त्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पांढऱ्याफटक.

"गेला," हे म्हणाले. मग त्यांनी मान वर केली, आणि माझ्याकडे नाही, ठकीकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला, आणि त्यांच्या मनात काय आलंय ते मला न सांगता कळलं.

ह्यांचा धंदा उंदीर मारायचा. गोदामं, बेकऱ्या, हॉटेलांची स्वयंपाकघरं, जिथे उंदीर तिथे हे. गल्लीत त्यांना सगळे उंदीरवाले म्हणतात आणि मला अर्थातच उंदीरवालीण. त्यांच्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. खातो, मजेत हिंडतो आणि काही दिवसांनी आतल्या आत रक्त वाहून मरतो. "तिथल्या तिथे मेला तर बाकीचे शहाणे होतात ना," हे पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने समजावून सांगायचे. मीही हसायचे.

"औषधं कुलपात असतात," मी म्हटलं. "कपडे तुम्ही बाहेर काढता, बूट बाहेर काढता. मग कुठून येईल?"

"परवा माझा एक हातमोजा सापडत नव्हता."

तो मला सापडला होता. पलंगाखाली. एकीकडून गुंड्या ओढत होता, दुसरीकडून ठकी, आणि दोघांची नुसती धमाल चालली होती. मी हिसकावून घेतला, धुतला, जागच्या जागी टांगला. सांगायचं राहून गेलं. आता सांगितलं.

मी ठकीला खाली उतरवलं. "ठके, तू तो हातमोजा तोंडात घातला होतास?"

"नाही."

"खरं सांग. मी मारणार नाही."

"नाही घातला."

"बाळा, अगदी खरं खरं सांग हं."

चार वर्षांची पोर. तिने माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "थोडासा."

मी तिला पुन्हा कडेवर उचललं.

ह्यांनी गुंड्याला खोक्यात घातलं आणि जनावरांच्या दवाखान्याकडे धावले. कशाने गेला ते कळायलाच हवं होतं. मी ठकीला घेऊन डॉक्टरांकडे निघाले. निघताना ह्यांनी एवढंच सांगितलं, "तिच्या हिरड्या बघत राहा. गुलाबी आहेत तोवर घाबरू नकोस."

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी पोट दाबून बघितलं, कुठे काळंनिळं झालंय का ते बघितलं आणि ठकीच्या हातातून रक्त काढलं. "रक्त नीट गोठतंय का ते बघू. रिपोर्ट येईपर्यंत बाहेर बसा," त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसले आणि मी त्या पोरीला हैराण केलं.

"आ कर."

"परत?"

"परत."

गुलाबी. पण मघाशी जास्त गुलाबी नव्हत्या का? मी तिला खिडकीपाशी नेऊन बघितलं, मग परत बाकावर आणून बघितलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "दात दुखतोय का हिचा?" मी हो म्हणून टाकलं. काय सांगणार, की आम्हीच घरात विष आणून ठेवतो आणि त्यावर जगतो?

"आई, गुंड्या कुठे आहे?"

"बाबांबरोबर."

"कधी येणार?"

"गप्प बस गं जरा!"

ती गप्प बसली. इतकी गप्प, की मी घाबरून पुन्हा तिचं तोंड उघडायला लावलं. खरं सांगते, तेव्हा मला त्या पिल्लाचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. राग येत होता. कुठून ही ब्याद घरात आणली, असंच डोक्यात चाललं होतं.

फोन वाजला. हे.

"विष नव्हतं," हे म्हणाले. मला कळेना, म्हणून पुन्हा म्हणाले, "अगं, विष नव्हतं! डॉक्टरांनी तपासलं. पिल्लांना होणारा रोग आहे. तो माणसांना होत नाही."

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी दारातूनच हात हलवला. रिपोर्ट चांगला होता. मी ह्यांना फोनवर सांगितलं आणि आम्ही दोघं हसायला लागलो. चांगले मोठ्याने. शेजारच्या बाई बघत राहिल्या. मग ह्यांचं हसू मध्येच तुटलं.

"काय झालं हो?"

"डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं माहितेय? लस दिली होती का."

कुलपं होती, फडताळं उंच होती, बूट बाहेर होते. घरातल्या विषापासून त्या पिल्लाला आम्ही डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. लस म्हणून काही असते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ह्यांनी मोरी घासून काढली होती. गुंड्याला मागच्या मोकळ्या जागेत पुरून झालं होतं. ह्यांच्या नखांत माती होती. ठकी दारातच उभी राहिली. चप्पल काढेना, आत येईना.

"बाबा, मी परत हातमोजा नाही घेणार," ती म्हणाली. "थोडासा पण नाही. आता गुंड्याला आण ना."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सकाळपासून आम्ही तिच्यासाठी घाबरलो होतो. तीही घाबरली होती, हे आमच्या गावीही नव्हतं.

मी म्हणणार होते, की तो लांब गेलाय, मोठा झाला की येईल. हे मात्र तिच्यासमोर खाली बसले.

"ठके, गुंड्या मेला. तो आता येणार नाही. पण तुझ्यामुळे नाही मेला. त्याला आजार झाला. तो होऊ नये म्हणून सुई टोचून आणायची असते. ती आम्ही विसरलो."

"तू आणि आई?"

"मी आणि आई."

"मग तुम्हाला कोण रागावलं?"

"कोणी नाही गं."

मीही ह्यांच्या शेजारी बसले. ठकीने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. डोळे भरले होते तिचे, तरी आवाज शक्य तितका मोठा करून ती म्हणाली, "असं नाही करायचं."

"नाही करणार," हे म्हणाले.

मग तिने माझ्याकडे वळून बघितलं आणि माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.