मामाच्या उंचीचा एक अंश

मित्रांनो, कौलांच्या एका जुन्या कारखान्यात आवाराकडे तोंड करून भिंतीवर टांगलेला मी एक म्हातारा तापमापक आहे. 'तापमापक' हे नाव फक्त माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. इथं मला सगळे 'पारा' म्हणतात. दोघांचं भांडण जुंपलं की तिसरा म्हणतो, "बघ, याचा पारा चढला," आणि मी उगाच दचकतो. रागावतात माणसं आणि बदनाम होतो मी! एक सांगून ठेवतो, मी कोणावर चढत नाही आणि कोणासाठी उतरत नाही. जेवढं ऊन, तेवढा मी.

माझा जन्म काच फुंकणाऱ्यांच्या एका कार्यशाळेत झाला. एका कारागिराने केसाएवढ्या बारीक भोकाची नळी घेतली, तिच्या टोकाला वाटाण्याएवढा फुगा फुंकला आणि त्यात पारा भरला. मग एका बाईंनी माझी परीक्षा घेतली. आधी वितळत्या बर्फात बुडवलं, मग गरम पाण्यात, एका नावाजलेल्या थोरल्या तापमापकाच्या शेजारी. त्याचा आकडा आणि माझा आकडा जुळल्याशिवाय त्यांनी मला लाकडी पट्टीवर बसवलंच नाही. पट्टीवर मागे आकडे आणि पुढे माझी नळी, अशी माझी ठेवण आहे. या दोघांत बोटाच्या नखाएवढं अंतर आहे. तेवढ्या अंतराने पुढे काय घोटाळा होणार आहे, हे तेव्हा ना त्या बाईंना ठाऊक होतं, ना मला.

कारखान्यात मला आणलं ते कौलांसाठी. ओल्या मातीची कौलं साच्यातून निघाली की आवारात मांडून वाळवतात. सावकाश वाळली तर छान, पण ऊन फार झालं की तडकतात. म्हणून थोरल्या मालकांनी नियम केला, की पारा चाळीसच्या वर गेला म्हणजे कच्ची कौलं उचलून शेडमध्ये न्यायची आणि वरून ओली पोती टाकायची. त्यांनी मला आवाराच्या सावलीतल्या भिंतीवर, भट्टीपासून लांब, माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगलं. रोज दुपारी दोन वाजता मला वाचून वहीत आकडा लिहायचं काम साचे सांभाळणाऱ्या कारागिराकडे आलं. तो इतका उंच होता, की सगळे त्याला ताडमामा म्हणायचे.

मामासारखा माणूस मला पुन्हा मिळायचा नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो दोनच्या ठोक्याला हजर असायचा. आधी स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसायचा. मग शिपायासारखा ताठ उभा राहून, नाकावरून खाली माझ्याकडे बघायचा आणि आकडा लिहायचा. कमरेत वाकणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. वाचायचा मनातल्या मनात, त्यामुळे तो काय लिहितोय ते मला कधी कळलं नाही. वर्षाला एक, अशा सव्वीस वह्या त्याने भरल्या. पाहुणे आले की थोरले मालक आधी भट्टी दाखवायचे आणि मग मामाच्या वह्या. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला अभिमानाचं थोडं अजीर्णच झालं होतं.

मामा निवृत्त झाला आणि त्याचं काम त्याच्या भाचीकडे आलं. मामा जेवढा उंच तेवढी ही बुटकी. तिला चिमणी म्हणतात, आणि लहान पोरं चिमणीताई. मला वाचायला तिला मान वरही करावी लागत नाही आणि खालीही. तिचे डोळे बरोब्बर माझ्या पाऱ्यासमोर येतात. आज अकरा वर्षं ती मला वाचते आहे.

पण या अकरा वर्षांत दिवस फिरले. उन्हाळे कडक होत गेले, तशी माझ्यावरची बोलणी वाढली. मी त्रेचाळीस दाखवले की कोणीतरी टिचकी मारून म्हणायचं, म्हातारा बिघडला. दुसरा खिशातून मोबाईल काढून म्हणायचा, यात तर एकोणचाळीसच आहेत. थोरल्या मालकांच्या जागी त्यांचा मुलगा आला होता. त्याने आकडे चमकवणारं नवं यंत्र आणलं आणि हौसेने नेमकं उन्हातल्या पत्र्यावर लावलं. यंत्राने चोपन्न दाखवले. लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढले, चार दिवस हसले, मग त्याची बॅटरी संपली आणि यंत्रही गेलं आणि विश्वासही गेला. तोवर माझ्या पट्टीवर कोळ्याने जाळं विणलं होतं. ते चिमणीने काढलं.

सगळ्यात जास्त टर उडवायचे ते भट्टीवाले काका. मामाएवढेच उंच आणि आवाज भोंग्यासारखा. तीस वर्षं आगीसमोर उभा असलेला माणूस, त्याला चिमूटभर पारा काय शिकवणार? हवामान बदलतंय वगैरे बातम्या ऐकल्या की ते म्हणायचे, शास्त्रज्ञांनाही पोट आहे, त्यांना काहीतरी बोलावं लागतं. ऊन आमच्या लहानपणीही होतं. लोक हसायचे आणि मी मात्र काकांवर मनातून चिडायचो.

मग गेल्या उन्हाळ्यात एक दुपार आली. दोन वाजता मी बेचाळीस दाखवले. नियमाप्रमाणे हाकाटी झाली आणि सगळे कच्ची कौलं उचलून शेडमध्ये नेऊ लागले. त्यात काकांची सूनही होती. चौथ्या खेपेला ती माझ्यासमोरच, डोक्यावर पाटी असताना कोसळली. कौलांचा चुरा झाला. काकांनी तिला उचललं तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि ती काहीबाही बरळत होती. चार दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती लागली नसती. काका सगळ्यांना सांगत राहिले, पोरीने सकाळी काही खाल्लं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते हसायचे बंद झाले.

चिमणी मालकाकडे गेली. तिचं मागणं साधं होतं. कडक उन्हाच्या दिवसांत पहाटे लवकर काम सुरू करावं आणि दुपारी बारा ते चार सगळ्यांना शेडमध्ये बसू द्यावं. मालक म्हणाला, ऊन काय आजचं आहे? वाढलंय म्हणतेस तर पुरावा दाखव. महिन्याअखेरीला सगळ्यांसमोर बैठक घेऊ. चिमणी खुशीत परत आली, कारण पुरावा तिच्या कपाटात होता. सदतीस वर्षांच्या वह्या!

ती रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्याखाली उपड्या खोक्यावर बसून आकडे मांडू लागली. मामाच्या सुरुवातीच्या उन्हाळ्यांपेक्षा आताचे उन्हाळे अडीच अंशांनी जास्त निघाले. पण एका दुपारी तिचं बोट एका जागी थांबलं. मामाच्या शेवटच्या वहीवरून तिच्या पहिल्या वहीवर येताना आकडा एकदम एका अंशाने उडी मारत होता. ऊन काही माणूस बदलला म्हणून वाढत नाही. तिचा चेहरा उतरला.

पहिला संशय अर्थातच माझ्यावर आला. तिने मला भिंतीवरून काढलं आणि माझं टोक वितळत्या बर्फाच्या बादलीत बुडवलं. या वयात बर्फात बसणं सोपं नाही, मित्रांनो, पण मी शून्यावर जाऊन गप उभा राहिलो. मी निर्दोष सुटलो. तिने मला पुन्हा त्याच खिळ्यावर लावलं. मी सावकाश वर चढून स्थिरावलो, तेवढ्यात भट्टीवाले काका पाणी प्यायला आले. किती झाले, असं त्यांनी विचारलं. चिमणी म्हणाली, एक्केचाळीस. काकांनी उभ्याउभ्या माझ्याकडे पाहिलं.

"डोळे तपास पोरी. चाळीस आहेत."

"काका, जरा वाका बरं."

काका कुरकुरत वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. मग ताठ झाले, पुन्हा वाकले, पुन्हा ताठ झाले. उभं राहिलं की चाळीस, वाकलं की एक्केचाळीस. वरून पाहिलं की माझ्या पाऱ्याचं टोक मागच्या पट्टीवर खालच्या रेघेला लागलेलं दिसतं. नखाएवढ्या अंतराचा खेळ तो एवढाच. सव्वीस वर्षं मामा मला एक अंश कमी लिहीत होता. ज्याने मला रुमालाने पुसलं, त्याचाच प्रत्येक आकडा चुकला होता.

पुढचे वीस दिवस चिमणीने काकांना कामाला लावलं. ती आपल्या जागेवरून वाचायची, काका ताठ उभे राहून वाचायचे, आणि दोघं एकमेकांना न दाखवता लिहायचे. रोज जवळपास एकाच अंशाचा फरक निघाला. काकांना याचं असं वेड लागलं, की दोनच्या आधीच ते येऊन उभे राहायचे. म्हणजे वाढ अडीच अंशांची नव्हती, दीड अंशाची होती. राहिलेला एक अंश मामाच्या उंचीचा होता.

ही गोष्ट बाहेर सांगू नकोस, असं चिमणीला सगळ्यांनी बजावलं. कौलं बांधणाऱ्या बायका म्हणाल्या, मालक टपूनच बसलाय, त्याच्या हाती आयतं कोलीत देऊ नकोस. अडीच म्हण आणि मोकळी हो. त्यांचंही बरोबर होतं. उन्हात त्यांनाच उभं राहायचं होतं. आणि चिमणीच्या मनात आणखी एक काटा होता, तो मामाचा. मामा आता ऐंशी वर्षांचा होता आणि आयुष्यात त्याच्याकडे मिरवायला त्या सव्वीस वह्यांशिवाय काही नव्हतं. चिमणी दोन दिवस धड जेवली नाही. मग एका संध्याकाळी ती वह्या पिशवीत घालून मामाच्या घरी गेली. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते.

बैठक माझ्याच भिंतीजवळ झाली, दुपारी दीडच्या सुमाराला. मालक खुर्चीवर बसला होता, बाकी सगळे जमिनीवर. मामाही आला होता. त्याला पाहून मला भडभडून आलं. तो ताठ माणूस काठीवर पार दुमडला होता. चिमणीने आधी चूक सांगितली आणि मग वाढ सांगितली. तिने काही गाळलं नाही. मालक म्हणाला, मग या वह्यांचं करायचं काय? रद्दीत घालायच्या? एकदा चुकल्या त्या पुन्हा चुकल्या नसतील कशावरून? बांधणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. झालं, संपलं सगळं, असं मलाही वाटलं.

तेव्हा भट्टीवाले काका उठले. ते म्हणाले, या पोरीला मीच सगळ्यात जास्त हसलोय. पण वीस दिवस मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय आणि माझ्या हाताने लिहिलंय. तिला चूक लपवायची असती तर तुम्हाला जन्मात कळली नसती. जगाचं काय होतंय ते मला माहीत नाही, पण या आवाराचं मला आता माहीत आहे. मग ते नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलले.

"मालक, पारा चाळीसवर गेला की तुम्ही कौलं सावलीत नेता. तेव्हा नाही विचारत, पारा खरा कशावरून. माझी सून ती कौलं नेतानाच पडली."

तेवढ्यात दोन वाजले. मामा काठी टेकत माझ्यापाशी आला. खिशातून रुमाल काढून त्याने माझी काच पुसली. वयाने त्याची पाठ इतकी वाकली होती, की आता त्याचे डोळे थेट माझ्या पाऱ्यासमोर आले. त्याने मला वाचलं, आणि पहिल्यांदाच मोठ्याने वाचलं. "बेचाळीस." मग मालकाला म्हणाला, तूही ये आणि वाकून बघ. मालक आला. घाम पुसत वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मी बरोबर बेचाळीसवर होतो, ना एक रेघ वर, ना एक रेघ खाली.

"काम थांबवा," मालक म्हणाला. "चाळीसच्या वर माणसंही सावलीत."

पहाटे लवकर यायचं मात्र त्याने लगेच कबूल केलं नाही, त्यासाठी चिमणीला आणखी महिनाभर हुज्जत घालावी लागली. सगळं एका दिवसात मिळत नाही. पण त्या दुपारी आवार रिकामं झालं आणि शेडमध्ये कितीतरी वेळ गप्पांचा आवाज येत होता. काकांची सूनही त्यात होती.

मामा तेवढा बाहेर राहिला. त्याने चिमणीकडे आपली पहिली वही मागितली, पेन मागितलं आणि उपड्या खोक्यावर बसून पहिल्या पानावर लिहू लागला. एकेक शब्द तो मोठ्याने म्हणत लिहीत होता. "या सव्वीस वह्यांतला प्रत्येक आकडा एक अंशाने कमी आहे. वाचताना मी वाकलो नाही." खाली त्याने सही केली आणि तारीख घातली.

मित्रांनो, माझी काच कधीतरी फुटेल, मग माझ्या जागी दुसरा कोणी येईल. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. त्याला बर्फात बसवा, पारखून घ्या, वाकून वाचा. आकडा आवडला नाही तर खुशाल रागवा, पण तो बदलू नका. आणि तुमच्या हातून चूक झाली तर ती शेवटच्या पानामागे लपवू नका, पहिल्या पानावर लिहा. मामाने लिहिली, आणि त्या दिवसापासून त्याच्या वह्यांना या आवारात कोणी खोटं म्हटलेलं नाही.